सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा



विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण लगेच मोटार वर काढतो का? नाही. आधी तिन्ही फेज येतात का ते बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटारीवर संशय सर्वांत शेवटी. हेच शहाणपण चारचाकी बिघडली की आपण विसरतो आणि मिस्त्री म्हणेल तो पार्ट बदलून मोकळे होतो.

या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाणी यांवर लिहितो. पण आता बऱ्याच सभासदांच्या दारात गाडी आहे, म्हणून स्वतःला आलेला एक अनुभव सांगतो.

मागच्या गळीत हंगामात आमची जुनी पेट्रोल गाडी त्रास देऊ लागली. उभी असताना इंजिनाचे फेरे आपोआप वरखाली व्हायचे, पेट्रोलचा वास यायचा, मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. एका गॅरेजमध्ये थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलून घेतला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी उसाच्या दोन ट्रॉल्या असलेल्या ट्रॅक्टरला ओलांडताना गाडीने ऐनवेळी दम सोडला. समोरून ट्रक येत होता. ट्रक चालकाने कडेला घेतले म्हणून निभावले. तेव्हा ठरवले, आता अंदाजाने काही बदलायचे नाही.

हा सेन्सर करतो काय?

इंजिनात हवा सोडणारी एक झडप असते. ॲक्सिलेटर दाबला की ती उघडते. किती उघडली हे सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि त्यानुसार पेट्रोल सोडले जाते. जुन्या, केबलच्या ॲक्सिलेटरच्या बहुतेक गाड्यांत या सेन्सरला तीन वायरी असतात. एकीतून कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थ, तिसरी सिग्नलची. झडप बंद असताना सिग्नल साधारण अर्धा ते एक व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर सुमारे साडेचार व्होल्ट. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, तो त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात बघावा.

तपासणी कशी करावी?

डिजिटल मल्टीमीटर घ्या. टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. बल्ब जादा करंट ओढतो, त्याने कॉम्प्युटरला इजा होऊ शकते. चावी ऑन, इंजिन बंद.

१) सेन्सरचा प्लग काढून ५ व्होल्टची वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांमध्ये मोजा. ५ च्या आसपास आले तर पुरवठा ठीक. काहीच न आल्यास वायर तुटलेली असेल, किंवा त्याच पुरवठ्यावरचा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट असेल. म्हणून दुसऱ्या सेन्सरचे प्लग एकेक काढून पुन्हा मोजा.

२) प्लग परत बसवा. मीटरची सुई प्लगच्या मागील बाजूने अलगद घालून अर्थची वायर आणि बॅटरी निगेटिव्ह यांमध्ये मोजा. जवळजवळ शून्य हवे. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आल्यास अर्थ कमजोर आहे.

३) आता सिग्नलच्या वायरीवर मोजत ॲक्सिलेटर हळूहळू दाबा. आकडा पायरीपायरीने पण सलग चढला पाहिजे. मध्येच शून्यावर आपटला किंवा उडी मारली, आणि पहिल्या दोन तपासण्या ठीक असतील, तर सेन्सरमधली पट्टी झिजली असे समजावे.

४) शेवटी मीटरवर नजर ठेवून वायरींची जुडी हाताने हलवा. आमचा चोर इथेच सापडला. जुडी हलवली की ०.६ व्होल्टचा आकडा एकदम ५ जवळ जायचा. अर्थची वायर उंदराने कुरतडली होती, एकदोन तारांवर कशीबशी टिकून होती. अर्थ सुटला की सिग्नल वर चढतो, कॉम्प्युटरला वाटते झडप पूर्ण उघडी आहे. जुना सेन्सर चांगलाच होता! वायर जोडून, डाग देऊन, वर स्लीव्ह चढवली. खर्च नाममात्र.

कोड काय सांगतो?

स्कॅनर लावल्यास पी ०१२२ म्हणजे सिग्नल कमी, पी ०१२३ म्हणजे सिग्नल जास्त, पी ०१२४ म्हणजे सिग्नल अधूनमधून तुटतो. कोड सर्किटचे नाव सांगतो, पार्ट बदला असे म्हणत नाही. पी ०१२२ आल्यास ५ व्होल्टची आणि सिग्नलची वायर आधी बघा. पी ०१२३ आल्यास अर्थ आधी बघा.

खबरदारी

वायरीला टाचणी टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरून तांबे हिरवे पडते. ओहम मोजायचे असतील तर चावी बंद आणि प्लग काढलेला हवा. नव्या गाड्यांत ॲक्सिलेटरला केबल नसते, झडप मोटारीने फिरते. तिथे वायरी जास्त असतात आणि झडपेत बोट घातल्यास चेमटते. अशी गाडी जाणत्या माणसाकडेच द्यावी, पण "आधी वायरिंग मोजून दाखवा" एवढे जरूर सांगावे.

सभासदांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उसाचे पान पिवळे दिसले म्हणून लगेच युरिया टाकू नका, नवे पान पिवळे की जुने ते आधी बघा, असे आम्ही नेहमी सांगतो. गाडीचेही तसेच. आधी निदान, मग उपाय. गाडी उसाच्या किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करत असाल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून उंदराच्या खुणा बघाव्यात. आणि गाडी दम सोडत असेल तर दुरुस्त होईपर्यंत उसाच्या वाहनांना ओलांडू नये, ही कळकळीची विनंती.

– ऊस विकास अधिकारी