कृष्णद्रव्य काळे असते का?

मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीत मुलांना विज्ञानाविषयी सांगताना मी फळ्यावर ‘कृष्णद्रव्य’ असा शब्द लिहिला आणि त्याची फोड केली : कृष्ण म्हणजे काळे, द्रव्य म्हणजे पदार्थ. पुढच्या खेपेस एका मुलीच्या वहीत वाक्य होते, ‘आकाशात काळा पदार्थ भरला आहे म्हणून रात्री अंधार पडतो.’ चूक तिची नव्हती. शब्दाची फोड करून मीच थांबलो होतो.

‘कृष्णविवर’ हा शब्द चपखल आहे, कारण कृष्णविवर प्रकाश गिळते. कृष्णद्रव्य मात्र प्रकाश देत नाही, शोषत नाही आणि अडवतही नाही. ते कळते फक्त त्याच्या ओढीवरून. 1933 साली फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना आढळल्या, की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर तो समूह एकत्र राहणे शक्य नव्हते. पुढे 1970 च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांच्या कडेचे तारेही असेच वेगाने फिरत असल्याचे दाखवले. आजच्या हिशेबाने हे न दिसणारे द्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे.

मग ते शोधायचे कसे? या प्रश्नासाठी मी वर्गात जुना रेडिओ नेला. काटा हळूहळू सरकवायचा, खरखरीत कान लावायचा आणि केंद्र लागले की थांबायचे, हे मुलांना लगेच कळले. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील ‘एडीएमएक्स’ प्रयोग असाच चालतो. हे द्रव्य ॲक्सिऑन नावाच्या अतिशय हलक्या कणांचे असेल, तर प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांपैकी काही कणांचे सूक्ष्मलहरींत रूपांतर व्हावे. त्या टिपण्यासाठी धातूची पोकळी एकेका कंप्रतेवर जुळवत जातात. कोणत्या कंप्रतेवर ‘केंद्र’ लागेल, हे आधी ठाऊक नसते.

अडचण खरखरीची. अपेक्षित संकेत एका वॉटच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाहूनही हजारो पटींनी क्षीण असतो. म्हणून उपकरण निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करतात आणि अतिवाहक धातूचे क्वांटम संवेदक वापरतात. तरीही निसर्गनियमाने थोडी खरखर उरतेच. येल विद्यापीठातील ‘हेस्टॅक’ प्रयोगाने तिच्यावरही तोड काढली. भाकरीच्या पिठाचा गोळा एका बाजूने दाबला, तर तो दुसऱ्या बाजूला फुगतो. तसेच लहरीच्या मोजायच्या अंगातील अनिश्चितता दाबून ती न मोजायच्या अंगात ढकलली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे शोधाचा वेग जवळपास दुप्पट झाला. ॲक्सिऑन अजून सापडलेला नाही. पण तो कुठे नाही, हे दरवेळी थोडे अधिक कळते.

‘ॲक्सिऑन’ हे नावही मुलांना आवडले. फ्रँक विल्झेक यांनी ते कपडे धुण्याच्या एका पावडरीवरून घेतले, कारण या कणामुळे भौतिकशास्त्रातला एक जुना डाग निघणार होता.

आपल्याकडे 2023 साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली आणि त्यातील संवेदन व मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. सीमाभागातल्या मराठी शाळेतून तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली शिदोरी म्हणजे आपण शिकवलेले शब्द. म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवतो. पहिल्या तासाला ‘अदृश्य द्रव्य’ म्हणावे. ते प्रकाशाशी काय करत नाही आणि ओढीने काय करते, ही दोन वाक्ये मुलांकडून त्यांच्या शब्दांत वदवून घ्यावीत. ‘कृष्णद्रव्य’ ही रूढ संज्ञा त्यानंतर द्यावी.

त्या मुलीने नंतर वाक्य खोडून नवे लिहिले, ‘ते काळे नाही. ते दिसत नाही, पण ओढते.’ माझ्या फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा ते नेमके होते.