छत्री मिटा, छप्पर शोधा

पोरं, नवरा आणि सासूबाई असा लवाजमा घेऊन अ‍ॅमस्टरडॅम पाहायला गेलो आणि नेमका दिवसभर पाऊस. सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं. पावसाचं आम्हाला काय सांगता, असा त्यांचा पवित्रा. पण तिथल्या पावसाची रीत वेगळी आहे. घरच्या मंडळींना घेऊन जाणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

१. थांबेल मग निघू, असं म्हणू नका. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. अ‍ॅमस्टरडॅमला वर्षभरात त्याच्या निम्माही होत नाही, पण तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो. सर ओसरायची वाट बघत बसलात तर अर्धा दिवस हॉटेलच्या खिडकीत जातो. तिथले लोक फोनवर बाउयेनराडार उघडतात, ढग कुठवर आलेत ते बघतात आणि मधल्या उघडिपीत कामं उरकतात. आम्हीही तेच केलं. एका छपरापासून दुसऱ्या छपरापर्यंत, पोरांना चालवेल एवढंच अंतर.

२. छत्री नको, टोपीचं जॅकेट घ्या. वारा समुद्रावरून येतो आणि पाऊस आडवा मारतो. शिवाय छत्रीआडून लाल रंगाची सायकलवाट दिसत नाही. त्या वाटेवर पुढच्या लाकडी खोक्यात दोन मुलं बसवून घंटी वाजवत येणारी आई तुमच्यासाठी ब्रेक लावेल, या भ्रमात राहू नका.

३. बोटीत बसायचंच, पण सर सुरू असताना नाही, ती ओसरल्यावर लगेच. काचेच्या छताची बोट ओल्या माणसांनी भरली की काचा आतून धुरकट होतात. आमच्या धाकटीने बाहीने पुसून थाळीएवढी जागा केली, आणि तेवढ्यातूनच हेरेनख्राख्त पाहिला. सतराव्या शतकात हा कालवा आणि त्याच्या शेजारचे कायझर्सख्राख्त, प्रिन्सेनख्राख्त असे एकाबाहेर एक अर्धवर्तुळात खणले. २०१० साली हा सगळा पट्टा युनेस्कोच्या यादीत गेला. घरं अरुंद आणि उंच, पुष्कळशी रस्त्याच्या बाजूला मुद्दाम झुकवलेली. प्रत्येक माथ्यावर एक तुळई आणि तिला लोखंडी आकडा. जिने इतके चिंचोळे की कपाट-पलंग दोरीने बाहेरून वर ओढायचे. भिंत झुकती असली की सामान तिला घासत नाही, आणि पावसाचं पाणीही भिंतीवरून न ओघळता खाली पडतं, असं सांगतात. त्या दिवशी एका आकड्याच्या टोकावरून थेंब थेंब गळत होतं, आणि शेजारच्या घरी यांत्रिक शिडीवरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सोफा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिरत होता. पोरांना अख्ख्या शहरात हेच सगळ्यात जास्त आवडलं.

हे सगळं उभं आहे ते चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर. पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून लाकूड कुजत नाही. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. आकडा पाठ करायची युक्ती तिथल्या शाळकरी मुलांना ठाऊक असते: वर्षाचे दिवस ३६५, अलीकडे १, पलीकडे ९.

४. अ‍ॅन फ्रँकचं घर ‘पाऊस आहे तर जाऊ’ म्हणून होत नाही. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि कित्येक आठवडे आधी संपतात. जिने फार उभे आहेत. गुडघेदुखी असलेल्यांना आधीच विचारा.

५. त्याऐवजी माळ्यावरचं चर्च बघा. १५७८ नंतर या शहरात कॅथलिकांना उघडपणे उपासना करायला बंदी होती. मग १६६० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने आपल्या घराच्या वरच्या मजल्यांत अख्खं चर्च बसवलं, सज्जे आणि वेदीसकट. बाहेरून बघाल तर साधं घर. रस्ता मात्र लाल दिव्यांच्या वस्तीतून जातो. सासूबाई चष्म्यावरचं पाणी पुसत चालल्या होत्या, ते आमच्या पथ्यावर पडलं.

६. मोठी सर राइक्सम्युझियमला द्या. अठराच्या आतल्यांना प्रवेश फुकट. रेम्ब्राँचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ सगळेच बघतात. मराठी माणसाने जाण्याआधी आणखी एक करावं: म्युझियमच्या संकेतस्थळावर शिवाजी महाराजांचं चित्र काढून पाहावं. ते गोवळकोंड्याकडच्या चित्रकाराने काढलेल्या चित्रसंचातलं आहे. हा संच निकोलास वित्सेनकडे होता. अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालकही. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून ती कायम मांडलेली नसतात. आम्ही फोनवरच मुलांना दाखवलं. थोरल्याने विचारलं, “महाराज इथे कसे?” मग डचांचं सांगावं लागलं: १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. बाकावर टेकलेल्या सासूबाई एकदम ताठ बसल्या. “म्हणजे ती पडकी वखार ह्येंचीच काय?” त्यानंतर प्रत्येक जहाजाच्या चित्रापुढे थांबून, हे आमच्याकडे आलं होतं का, अशी चौकशी सुरू झाली.

७. फुकटात दोन गोष्टी: मध्यवर्ती स्टेशनजवळचं सार्वजनिक वाचनालय (मुलांची पुस्तकं, ऊब आणि वरून शहराचं दृश्य) आणि स्टेशनमागून पलीकडच्या काठाला जाणारी फेरीबोट.

८. जेवायला सुरिनामी रोटी. वाटाण्याचं दाट डच सूप थंडीत बरं वाटतं खरं, पण त्यात डुकराचं मांस असतं. १८७३ पासून सुरिनामच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे वंशज पुढे इथे आले आणि सोबत रोटी आणली. आत वाटलेली डाळ, बरोबर बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी. सासूबाईंनी तुकडा मोडून न्याहाळला आणि निकाल दिला, “ही गूळ विसरलेली पुरणपोळी.” दोन खाल्ल्या. शाकाहारी असाल तर मागवतानाच सांगा. नाहीतर सोबत कोंबडी आणि उकडलेलं अंडं येतं.