दवाखान्याच्या अलीकडची नोकरी

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी या गावाचे नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले, पण ज्या कारणाने झळकले त्याचा कोणाला अभिमान वाटावा असे नव्हते. त्याच तालुक्यातील सोमठाणा येथील हरिनाम सप्ताहात २० तारखेच्या, म्हणजे एकादशीच्या, रात्री भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो भाविकांना उलट्या-जुलाबांनी गाठले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयातील खाटा अपुऱ्या पडल्या, आणि बाहेर रस्त्यालगत झाडांना दोर बांधून, त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवून, भुईवर निजलेल्या रोग्यांवर उपचार करावे लागले.

त्या रात्री डॉक्टरांची गरज होती, हे निर्विवाद. परंतु भगरीचे पीठ जुने व दमट झाले की त्यात बुरशी धरते व ती विषारी ठरू शकते, म्हणून भगर निवडून, धुऊन, ताजी दळावी, ही गोष्ट सप्ताहाच्या पंगतीपूर्वी आचाऱ्याच्या कानी घालणे, आणि तीही प्रसादास दूषण दिल्याचा संशय कोणाच्या मनात न येऊ देता घालणे, ही सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र विद्या आहे. घटना घडून गेल्यावर कोणी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, उलटी केव्हा सुरू झाली हे घरोघर जाऊन टिपणे हाही त्याच विद्येचा भाग; आणि त्यातला खरा कसबी मनुष्य पंगतीस बसूनही आजारी न पडलेल्यांकडे आवर्जून जातो, कारण त्यांनी काय खाल्ले नाही यातच पुष्कळदा उत्तर दडलेले असते.

आपल्या पालकांची दृष्टी मात्र ‘नीट’च्या गुणांपलीकडे जात नाही. २०२४ साली बुलढाणा व जालना या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, तेव्हा आशा अधिकच बळावली. जागा प्रत्येकी शंभर, आणि उमेदवार किती, हे कोणत्याही शिकवणीवर्गाच्या दारात उभे राहिले तरी कळते.

ती दुसरी विद्या मात्र आपल्या मुलांच्या हाताशी आहे, हे आपल्या सरहद्दीवर दिसते. लोणार तालुक्याची सरहद्द जालना जिल्ह्याच्या मंठा तालुक्यास भिडते. जुन्या अंमलात इकडे इंग्रजांचे वऱ्हाड व तिकडे निजामाची मोगलाई असे दोन मुलूख होते. आज ही सरहद्द केवळ दप्तरापुरती उरली असली तरी दप्तराची सरहद्दही माणसाला पुरेशी अडवते. गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात, पहिले बाळंतपण मोगलाईतल्या माहेरी, आणि बाळाच्या लसीची तारीख येते तेव्हा बिऱ्हाड ऊसतोडीला गेलेले; अशा कुटुंबाचा माग ठेवायचा तर दोन्हीकडच्या परिचारिकांशी ओळख, सोयरिकींची माहिती आणि गोड वाणी लागते, जी पुण्या-मुंबईहून आलेल्या उमेदवाराजवळ सहसा नसते व आपल्या मुलामुलींजवळ जन्मतः असते. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, ते याच भांडवलावर.

आता शिक्षणाविषयी. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि बीएससी नर्सिंग चार वर्षांचे. नर्सिंगची किंवा आयुर्वेदाची पदवी व सामुदायिक आरोग्याचे प्रमाणपत्र असल्यास उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. ही नेमणूक बहुधा कंत्राटी असते, हे मुलीच्या बापापासून लपवण्यात अर्थ नाही. विज्ञान शाखेच्या मुलांना स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याच्या भरतीत उतरता येते. पदवीनंतर सार्वजनिक आरोग्यातील दोन वर्षांची एमपीएच ही पदव्युत्तर पदवी पुण्याच्या विद्यापीठात वा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत घेता येते; ती घेणाऱ्यांस साथरोग सर्वेक्षण, स्वयंसेवी संस्था व संशोधन ही क्षेत्रे मोकळी होतात. पगार डॉक्टरांएवढा नाही, आणि बदलीचा हुकूम कोठलाही निघू शकतो.

अर्ज भरण्यापूर्वी पाल्याला पावसाळ्यात गावच्या जलसुरक्षकाबरोबर एकदा हिंडू द्यावे. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर तो नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटी टेस्ट करतो. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. पिवळे झाले नाही, तर तुमचा मुलगा कंटाळून घरी परततो, की सरपंचाच्या ओट्यावर जाऊन ‘दादा, आज पाणी सोडू नका’ असे म्हणतो, एवढे पाहावे.