केळ्याचा पाव चिवट का होतो?

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला हाताशी घेऊन केळ्याचा झटपट पाव केला, फुगला, पण चिवट झाला. कोठे चुकले?
— एक वाचक, मनीमाजरा

उत्तर : दोष केळ्यांचा नसून बहुधा आपल्या कन्येच्या उत्साहाचा असावा, कारण ओला मैदा जितका घोटावा तितके त्यातील ग्लूटेनचे तंतू बळावतात, आणि जो गुण यीस्टच्या पावास इष्ट, तोच सोड्याने फुगणाऱ्या या पावास घातक ठरतो. म्हणून केळी कुस्करण्याचे खाते तिच्याकडे बिनशर्त सोपवावे. मैदा मात्र आपण स्वतः हलक्या हाताने, कोरडी पूड दिसेनाशी होईतोच, मिसळावा.

तीन केळ्यांस दीड कप मैदा, अर्धा कप साखर, पाव कप दही, तितकेच वितळलेले लोणी व चहाचा एक चमचा खायचा सोडा पुरे. केळी काळवंडलेल्या सालीचीच हवीत. आपल्याकडील जानेवारीच्या थंडीत ती लवकर पिकत नाहीत, तेव्हा सालीसकट 150 अंशांवर ओव्हनमध्ये वीसेक मिनिटे ठेवल्यास गर मऊ पडतो (जळगावकरांस हा अधर्म वाटेल, पण इलाज नाही). मिश्रण होताच साचा 180 अंशांवर सुमारे 50 मिनिटे ठेवावा आणि ओव्हनचे दार उघडण्याचा अखत्यार आपल्याकडेच राखावा. दह्याशी गाठ पडली की सोडा कोणासाठी थांबत नाही.