नीसची मंडई आणि माझे पथ्य

या सदरातून मी वाचकांना तेल-मीठ बेताने खाण्याचा आणि रोज चालण्याचा सल्ला देत आलो आहे. सल्ला देणाऱ्यालाच डिसेंबर २०२२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने एक तरी उपाय सुचवला. त्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला उपाय असा : "डॉक्टरसाहेब, ऑलिव्हचे तेल सुरू करा. भूमध्य समुद्राकडच्या लोकांना हार्टचा त्रास होत नाही म्हणे."

होत नाही असे नाही, तुलनेने कमी होतो. पण ते लोक खातात तरी काय, हे डोळ्यांनी पाहण्याची संधी मला मिळाली. आमची मुलगी आणि जावई दक्षिण फ्रान्समधील सोफिया आंतिपोलिस या तंत्रज्ञान वसाहतीत नोकरीला आहेत आणि जवळच्या नीस शहरात राहतात. जून २०२४ मध्ये आम्ही उभयता तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. ती दोघे सकाळी कामावर गेली की आम्ही पिशवी घेऊन बाजाराला. भाषा येत नसल्याने दुसरा उद्योगही नव्हता.

नीस हे समुद्रकाठचे शहर. इटलीची सरहद्द तिथून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर. १८६० पर्यंत हे शहर सार्डिनियाच्या राज्यात होते, त्यामुळे तिथल्या स्वयंपाकाचे नाते पॅरिसपेक्षा इटलीशी जास्त. लोणी-मलई कमी, तेल, भाजी आणि कडधान्य जास्त.

जुन्या गावातली मोठी मंडई म्हणजे कूर सालेया. लांबट चौक, रंगीत पट्ट्यांची कापडी छपरे, एका बाजूला फुले आणि दुसऱ्या बाजूला भाजी-फळे. सोमवारी भाजी नसते, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तो नेमका सोमवार होता, आणि पितळी दिवे व जुन्या बश्या पाहून रिकाम्या पिशवीने परतलो. इतर दिवशी सकाळी बाजार भरतो आणि दुपारी एकच्या सुमारास आवरायला लागतो.

दुसऱ्या खेपेला मुलगी सोबत होती. मी सवयीने टोमॅटो दाबून पाहायला हात पुढे केला, तोच ती कुजबुजली, "बाबा, हात लावू नका! इथे चालत नाही." माल निवडून देण्याचे काम विक्रेत्याचे. खरबूज मागितले तर तो विचारतो, आज खायचे की उद्या? आजचे असेल तर वास घेऊन, देठाशी पाहून पिकलेले देतो, उद्याचे असेल तर जरा कच्चे. दोन माणसांसाठी एकच खरबूज मागितले म्हणून कोणी तोंड वाकडे करीत नाही. तीन जर्दाळू, मूठभर पाला, एक वांगे असा बाजार करणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी तिथे रोज पाहिल्या. लागेल तेवढेच आणायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. आठवड्याची भाजी फ्रीजमध्ये कोंबून शुक्रवारी मलूल पालक शिजवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे पाहण्यासारखे होते.

प्रत्येक ढिगावर पाटी असते. किलोचा भाव आणि माल कोणत्या देशातला, हे लिहिणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. त्यावरून एक गोष्ट लक्षात आली. चौकातला सगळाच माल आसपासच्या शेतांतला नव्हता. लसूण, लिंबे स्पेनमधली दिसत. स्वतः पिकवून विकणारे शेतकरी वेगळे. त्यांच्याकडे चारच जिनसा, पण सकाळी तोडलेल्या. शिवाय पर्यटकांसाठी मांडलेली दुकाने बरीच. पाकात मुरवलेली अख्खी फळे तिथली प्रसिद्ध आहेत, दिसतात जडजवाहिरासारखी. मधुमेहींनी ती लांबूनच पाहावीत. पुढे मुलीच्या शेजारीणबाईंनी लिबेरासियों या भागातला बाजार दाखवला. तो ट्रामच्या रस्त्यालगत भरतो, तिथे पर्यटक कमी, मासळी भरपूर आणि भावही उतरते. उरलेले दिवस आम्ही तिकडेच गेलो.

आता खाण्याविषयी. कूर सालेयामध्ये दहा-साडेदहाला एका ठिकाणी रांग लागते. शेजारच्या गल्लीतल्या लाकडाच्या भट्टीतून भले मोठे गोल ताट येते, बाई त्यातले पातळ पिवळे तुकडे खरवडून कागदावर देते आणि वर मिरपूड भुरभुरते. याचे नाव सोक्का. आमच्या सौ.नी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, हे तर बेसनाचे धिरडे!" खरेच तसे आहे. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, बाकी काही नाही. हळद नाही, मिरची नाही, कांदा नाही. फरक एवढाच की आपण तव्यावर करतो, ते तांब्याच्या कल्हईच्या ताटात भट्टीत भाजतात. कडा करपट होतात, आतून मऊ राहते.

हे सांगण्याचे कारण निव्वळ गंमत नाही. हरभऱ्यात शंभर ग्रॅमला सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात, चोथाही चांगला असतो आणि त्यातील पिष्टमय भाग हळूहळू पचतो. त्यामुळे पाव किंवा भात खाल्ल्यावर रक्तातली साखर जशी झपाट्याने चढते तशी हरभऱ्याने चढत नाही. ज्या आहाराचे जगभर कौतुक होते त्याच्या मुळाशी असलेली एक वस्तू आपल्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण मात्र तिची भजी, शेव आणि फरसाण करतो, म्हणजे दोष पिठाचा नव्हे, कढईचा. तळण्याचा मोह नीसकरांनाही आहे, हेही सांगितले पाहिजे. भोपळ्याच्या जातीतील कूर्जेत या भाजीची पिवळी फुले जूनमध्ये ढिगाने येतात, आणि त्यांची ते आपल्यासारखीच भजी करतात. मी दोन खाल्ली. तिसरी सौ.नी उचलली.

पालेभाजीचे वेड तिथे मोठे. ब्लेट नावाची बीटाच्या कुळातली रुंद पानांची भाजी ते पोळीच्या आवरणात भरून भाजतात, आणि कधी तीच बेदाणे-साखर घालून गोड करतात. आजूबाजूचे लोक नीसकरांना या भाजीवरून एका नावाने चिडवतात. ते नाव वर्तमानपत्रात छापण्यासारखे नाही. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णांसाठी येथे एक सूचना : अशा गडद हिरव्या पानांत 'के' जीवनसत्त्व खूप असते व ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. भाजी बंद करू नये, पण आठ दिवस अजिबात नाही आणि नवव्या दिवशी पातेलेभर, असेही करू नये. प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे.

मग ऑलिव्हच्या तेलाचे काय? फ्रान्समधीलच लियों शहरात पहिला झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो १९९४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना भाज्या, फळे, कडधान्ये, पाव व मासे वाढवायला आणि तांबडे मांस व लोणी कमी करायला सांगितले. सरासरी सत्तावीस महिन्यांत या गटात पुन्हा झटका येण्याचे आणि हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान होता, त्यावर टीकाही झाली. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. लियोंचे लोक निव्वळ ऑलिव्ह तेलावर राहणार नाहीत, हे ओळखून संशोधकांनी त्यांना लोण्याऐवजी मोहरीच्या कुळातील रेपसीड तेलापासून केलेला पदार्थ दिला होता. त्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. तेच आम्ल आपल्या जवसात भरपूर असते. जवसाची चटणी खाल्ली म्हणजे गोळ्या बंद, असे मात्र कोणी समजू नये. माझ्या चारही गोळ्या चालू आहेत.

ऑलिव्ह तेल वाईट, असेही माझे म्हणणे नाही. स्पेनमधील मोठ्या अभ्यासात (२०१३, दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध २०१८) त्याचा फायदा दिसला आहे. पण सकाळी वड्यावर वडा आणि रात्री भातावर दोन चमचे महागडे तेल, हा भूमध्य आहार नव्हे. नीसमध्ये ते तेल भाजी, हरभरा आणि मासे यांच्या सोबत ताटात येते. एकटे येत नाही.

हे सगळे मला कळत होते, तरी मी फसलोच. बाजारात ऑलिव्हची पिंपे मांडलेली असतात. नीसची खास जात लहान, काळपट आणि किंचित कडवट. शेंगदाण्यासारखी तोंडात टाकत राहावी अशी. ती मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवलेली असतात. त्यातच अँकोव्ही नावाचे चिमुकले मासे, आपल्या मांदेलीच्याच कुळातले, पण मिठात घालून टिकवलेले. कांदे मंद आचेवर तासभर परतून पोळीवर पसरायचे आणि वर हे मासे व ऑलिव्ह लावून भाजायचे, हा पिसालादिएर नावाचा प्रकार मला इतका आवडला की रोज दुपारी एक तुकडा होऊ लागला. हे तर पथ्याचे, भूमध्य आहार, अशी मनाची समजूत होतीच.

रक्तदाब मोजायचे यंत्र मी बरोबर नेले होते. निघताना दाब १२६/८० होता. अकराव्या दिवशी सकाळी डोके जड वाटले म्हणून पाहिला तर १५४/९४. दहा मिनिटे बसून पुन्हा घेतला, तोच आकडा. गोळी एकही चुकली नव्हती. रात्री मुलीने हिशेब मांडला. मुरवलेल्या हिरव्या ऑलिव्हमध्ये शंभर ग्रॅमला तीन-चार ग्रॅम मीठ असू शकते, खारवलेल्या अँकोव्हीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. पाव आणि चीज यांतले मीठ आणखी वेगळे. "बाबा, लोणचे बंद करा असे तुम्ही पेशंटला सांगता ना? मग हे काय आहे?" तिने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ऑलिव्ह आणि तो पिसालादिएर बंद केला. सोक्का, पालेभाजी, टोमॅटो, ताजे मासे चालू ठेवले. नवव्या दिवशी दाब १३२/८२ वर आला. प्रत्येकाचा दाब मिठाने इतका हलतोच असे नाही. माझा हलतो, हे मला नीसच्या बाजारात कळले.

वाइनबद्दल रुग्ण हटकून विचारतात, म्हणून दोन ओळी. रोज थोडी वाइन घेतल्याने फ्रेंचांचे हृदय चांगले राहते, हा विचार १९९२ पासून फार गाजला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. न पिणाऱ्याने हृदयासाठी म्हणून सुरू करू नये.

निघताना जावईबापूंनी ऑलिव्हची बरणी सामानात घातलीच. ती आमच्या फ्रीजमध्ये आहे. सौ. रविवारी त्यातली चार काढतात, तासभर साध्या पाण्यात घालून ठेवतात, दोन मला देतात आणि झाकण घट्ट लावतात.