लघवीची घाई आणि बोटॉक्सचे इंजेक्शन : सही करण्याआधी काय विचारायचे?



सहा डिसेंबरला चैत्यभूमीला येणार का, असे विचारले की वस्तीतल्या काही मावश्या "गुडघे दुखतात" म्हणून टाळतात. बाजूला बसवून विचारले की खरे कारण कळते. रांगेत लघवी लागली तर धरवत नाही, कपड्यातच होते. विहारात वंदनेलाही त्या दाराशी बसतात आणि निघण्याआधी पाणी पीत नाहीत. पाणी तोडू नका. घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी चाळवते.

मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी स्नायूंची बनलेली असते. ती भरेपर्यंत स्नायू सैल राहायला हवा. काहींचा स्नायू पिशवी भरण्याआधीच आवळू लागतो. मग दिवसात आठाहून जास्त वेळा जावे लागते, रात्री उठावे लागते आणि लागली की संडास गाठेपर्यंत दम निघत नाही. डॉक्टर याला ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. हा आजार आहे, मागच्या जन्माचे पाप नव्हे. पुरुषांनाही तो होतो. खोकताना, हसताना, हंडा उचलताना थेंब जाणे मात्र वेगळे. त्यावर हे इंजेक्शन चालत नाही.

गोळ्यांनी गुण आला नाही की मोठ्या रुग्णालयात बोटॉक्सचे इंजेक्शन सुचवतात. नट्या सुरकुत्यांसाठी घेतात तेच औषध. अमेरिकेत 2013 साली या आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून पिशवीच्या भिंतीत वीसएक ठिकाणी बारीक सुई देतात. जागा बधिर करतात, काम अर्ध्या तासाच्या आत होते आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी सोडतात. गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तो साधारण सहा महिने, कुणाला जास्त टिकतो. नंतर पुन्हा घ्यावे लागते. "एकदा घेतले की सुटका" असे कुणी सांगितले तर ते खरे नाही.

गुण चांगला येतो, हेही खरे. पण एक गोष्ट घाईच्या ओपीडीत नीट सांगितली जात नाही. स्नायू जास्तच सैल पडला तर लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. शंभरातल्या साधारण सहा जणींवर ही वेळ येते, मधुमेह असेल तर जास्त जणींवर. अशा वेळी दिवसातून काही वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढावी लागते. कायमची नाही, औषधाचा जोर ओसरेपर्यंत. पण ते आठवडे किंवा महिने असू शकतात.

आता आपली वस्ती डोळ्यासमोर आणा. सार्वजनिक संडास, बाहेर रांग, आत दिवा नाही, कडी तुटलेली, हात धुवायला नळ नाही. तिथे नळी घालायची कशी? घरातल्या मोरीला पडदा, साबण, उजेड आहे का? हा हिशेब डॉक्टर करणार नाहीत, आपणच करायचा. म्हणून सही करण्याआधी विचारा : लघवी अडली तर नळी घालायला मला कोण शिकवेल? नळ्या मोफत मिळतील का? नंतर पिशवीत लघवी उरते का, ते सोनोग्राफीत कधी बघणार? फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मोठा डॉक्टर म्हणतो म्हणून मान हलवू नका. कालामांना तथागतांनी सांगितले ते केसपेपरलाही लागू आहे.

इंजेक्शनच्या आधीच्या पायऱ्या झाल्या का, तेही बघा. लघवी आणि साखर तपासली का? जंतुसंसर्ग असताना इंजेक्शन देत नाहीत. तीन दिवस किती वाजता, किती वेळा गेलात ते लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाकडून रेघा मारून घ्या. चहा निम्मा करा. घाई आली की धावू नका. जागेवर थांबा, लघवी रोखताना आवळतो तो भाग चार-पाच वेळा आवळा, लाट ओसरू द्या, मग चाला. दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. याला किमान सहा आठवडे द्या. अनेकींचे एवढ्यावर भागते. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, शौचास घट्ट होते. न सोसल्यास परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी असते. आणि लघवीच्या घाईसाठी कुणी गर्भपिशवी काढायला सांगितले, तर थेट दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

गरोदर असाल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा स्नायू दुबळे पडण्याचा आजार असेल तर आधीच सांगा. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होणे, थोडी जळजळ होणे चालते. पण लघवी होईना, थेंब थेंब पडते, ओटीपोट टम्म झाले किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. रात्रीच कॅज्युअल्टीत जा आणि इंजेक्शन कधी घेतले तो कागद सोबत न्या.