बाजाराच्या वेळा आणि तंबाखूची तलफ

तंबाखूच्या सवयीला दोन मुळे असतात. एक निकोटिनचे. चुना मिसळला की तंबाखूतले निकोटिन ओठाच्या आतल्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते, साधारण दोन तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि पुन्हा तलफ येते. दुसरे मूळ वेळेचे, जागेचे आणि सोबतीचे. सोडू पाहणारे बहुतेक जण पहिल्याशीच झगडतात; दुसरे जमिनीत तसेच राहते आणि संधी मिळताच फुटते.

लासलगावात हे दुसरे मूळ फार खोल गेलेले आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या येथील बाजार समितीत कांद्याचे लिलाव सकाळी आणि दुपारी होतात. आधी ट्रॅक्टरच्या रांगेत, लिलावानंतर वजनकाट्यावर, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होईपर्यंत, असा शेतकऱ्याचा दिवस थांबण्यातच जातो. हमालाचे उलटे. त्याला उसंत नसते, पण दोन गाड्यांमधली पाच मिनिटे त्याच्या हक्काची असतात. दोघांचाही मोकळा हात पुडीकडे आणि चुन्याच्या डबीकडे वळतो. तंबाखू मागायला ओळख लागत नाही आणि मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. बायकांमध्ये मशेरी चालते. तिला व्यसन न मानता दात घासणे मानले जाते, म्हणून ती सोडण्याचा विचारही फार उशिरा येतो. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले, धूम्रपान करणारे ३.८ टक्के. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे; साधी तंबाखू मात्र टपरीवर मिळतच राहिली.

प्रस्तुत लेखकाने एका खळ्यावर हिशेब लिहिताना सतरा वर्षे तंबाखू खाल्ली. खालच्या ओठाच्या आत, चिमूट ठेवण्याच्याच जागी, पांढरा चट्टा उमटला. तो दुखत नव्हता, म्हणून आठ महिने कोणाला दाखवला नाही. साऱ्या हकिगतीतली सर्वांत मोठी चूक हीच. असा चट्टा पुसून निघत नाही आणि बहुधा दुखतही नाही. मात्र त्यांतले काही पुढे कर्करोगात बदलतात आणि कोणते बदलतील हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. तुकडा काढून तपासल्यावर कर्करोग नसल्याचे कळले. तंबाखू चालू राहिली तर तो होऊ शकेल, हेही डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितले.

पुडी त्याच दिवशी फेकली गेली. भीतीपोटी केलेला तो निश्चय नऊ दिवस टिकला. दुसऱ्यांदा श्रावण पाळला. महिना निभावला, पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात पाऊल पडताच चिमूटही ओठात गेली. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा लाल कांद्याचा भाव एका आठवड्यात कोसळला, खळ्यावर रोज वादावादी होऊ लागली आणि दोन महिन्यांची कमाई एका दुपारी गेली. प्रत्येक वेळी मन कच्चे असल्याचा निष्कर्ष निघाला, तो चुकीचा होता. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विचारच नसणे, विचार येणे, तयारी, कृती आणि टिकवणे अशा पायऱ्यांनी हा बदल होतो आणि बहुतेकांना या पायऱ्या एकाहून अधिक वेळा चढाव्या लागतात, असे त्यांच्या कामातून पुढे आले. श्रावणाचे व्रत तालीम म्हणून उत्तम आहे. पण त्याला संपण्याची तारीख असते, तिथेच ते कमी पडते.

चौथ्या वेळी आधी सोडली नाही, मोजली. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक चिमटीची वेळ, जागा आणि कोणासोबत एवढेच दोन आठवडे लिहिले. बाजाराच्या दिवशी बारा-चौदा नोंदी होत. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची रीत तेव्हा होती. त्या दिवशी पाचच नोंदी झाल्या. शरीर तेच, तंबाखूही तीच, फक्त बाजार नव्हता. निम्म्याहून अधिक तलफ रक्तातून येत नसून रांगेतून, काट्यावरून आणि चहाच्या टपरीवरून येते, हे त्या पानाने दाखवले. सोडण्याची इच्छा असलेल्याने पहिले काम हेच करावे.

नोंदीतल्या जागा कळल्या की एकेकीची व्यवस्था लावता येते. डबीच्या खिशात भाजलेली बडीशेप आणि ओवा ठेवावा. लिलावानंतरचा चहा दुसऱ्या टपरीवर घ्यावा. रोज पुडी पुढे करणाऱ्या सोबत्याला लपवाछपवी न करता सांगावे. खळ्यावरचा एक हमाल आठवडाभरात स्वतःच इतरांना ‘भाऊंना नको देऊ’ म्हणू लागला, आणि त्या आधाराची बरोबरी कोणत्याही औषधाने झाली नाही. शेतकऱ्याने सुरुवातीसाठी उन्हाळ कांदा चाळीत भरून झाल्यावरचे दिवस निवडावेत, बाजाराच्या फेऱ्या तेव्हा कमी असतात.

निकोटिनच्या बाजूने पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोपमोड आणि अस्वस्थता दोन ते चार आठवड्यांत ओसरते. निकोटिनची चावायची गोळी (गम) डॉक्टरांना विचारून घ्यावी. ती साध्या च्युइंगगमसारखी सतत चावू नये. झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवावी. चहानंतर लगेच घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

एकवीस दिवसांत सवय बदलते या समजावर विसंबू नये. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून घडी मोडली नाही, हेही त्यात आढळले.

तंबाखू सुटल्यावरही तोंडाची तपासणी चालू ठेवावी लागते. महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर ओठ उलटून, गाल ताणून आणि जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा स्वतःची तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांतले काहीही दिसले तर दुखण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे जावे.